मृगाचे वाहन आणि शनिवारचे गोल

ऑगस्टचा मधला काळ. पावसाने दडी मारलेली, सोयाबीन फुलोऱ्यावर आणि कपाशीने माना टाकलेल्या. अशा दिवसांत अमरावतीच्या राजकमल चौकातून अकोल्याच्या गांधी रोडपर्यंत कोणत्याही चहाच्या टपरीवर उभे राहिले, तर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘‘पोळ्यापर्यंत येईन काय जी पानी?’’ उत्तर मात्र प्रत्येकाकडे तयार असते. एकाचा गुडघा दुखू लागलेला असतो, म्हणजे दोन दिवसांत पाऊस नक्की. दुसऱ्याने पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहिलेले असते. ते गाढव निघाल्याने तो खिन्न असतो. तिसऱ्याच्या मोबाईलवर कुणीतरी ढगांचे चित्र पाठवलेले असते. ते ढग वऱ्हाडावरचे आहेत की बंगालच्या उपसागरावरचे, याची चौकशी करण्याच्या फंदात तो पडत नाही.

त्याच टपरीवर, शनिवार असेल तर, पलीकडच्या बाकावर चार पोरे वेगळ्याच भाकितात गुंतलेली असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो आणि तिथले दुपारी तीनचे सामने आपल्याकडे सायंकाळी साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. आर्सेनल जिंकणार की लिव्हरपूल, दोन-एक की एक-एक, यावर तावातावाने चर्चा चाललेली असते. पावसाची चिंता करणारे काका या पोरांकडे ‘काय रिकामे उद्योग’ अशा नजरेने पाहतात. पण थोडा विचार केला, तर दोन्ही बाकांवर एकच काम चाललेले असते, न घडलेल्या गोष्टीबद्दल आज काहीतरी ठामपणे सांगण्याचे. फरक एवढाच की, पोरांच्या भाकिताचा निकाल रात्री साडेनऊला लागतो आणि पुढच्या शनिवारी तो त्यांना ऐकवलाही जातो. काकांच्या गुडघ्याचा निकाल कुणी लिहून ठेवत नाही.

गप्पांच्या फोडणीतले भाकीत

फुटबॉलच्या साप्ताहिक भाकितांचे सदर हा इंग्रजी वृत्तपत्रे आणि संकेतस्थळांचा जुना प्रकार आहे. दर आठवड्याला होणाऱ्या दहा-एक सामन्यांचे निकाल कुणीतरी जाणकार आधीच सांगतो. बीबीसीच्या संकेतस्थळावर लिव्हरपूलचा माजी बचावपटू मार्क लॉरेन्सन याने अनेक वर्षे हे काम केले आणि २०२२ पासून ते माजी आघाडीपटू ख्रिस सटन करतो. दर आठवड्याला एखादा गायक, अभिनेता किंवा अन्य खेळाडू पाहुणा म्हणून त्याच्यासमोर आपले अंदाज मांडतो आणि शेवटी दोघांचे गुण जाहीर होतात. अनेकदा पाहुणाच जिंकतो. मग पुढचा आठवडाभर वाचक त्या जाणकाराची यथेच्छ टिंगल करतात.

अशा सदरांत सामन्याबद्दल दोन ओळी आणि इकडच्या तिकडच्या गप्पा भरपूर असतात. पाऊस, न्याहारी, बिघडलेली मोटार, सासुरवाडीचे पाहुणे, काहीही. याचे कारण सोपे आहे. एखादा मधल्या फळीतला संघ दुसऱ्या मधल्या फळीतल्या संघाशी खेळणार असेल, तर त्याबद्दल खरोखर सांगण्यासारखे फारसे नसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जो माणूस दर आठवड्याला चारचौघांत चुकणार आहे, त्याला स्वतःवर हसता येणे आवश्यक असते. विनोद हा या धंद्यातला चिखलगार्ड आहे.

या प्रकाराला पैशाचीही जुनी पार्श्वभूमी आहे. १९२३ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन मूर्स याने दोन साथीदारांसह ‘लिटलवुड्स’ नावाने फुटबॉलच्या भाकितांची कूपने काढली. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाबाहेर वाटलेल्या पहिल्या चार हजार कूपनांपैकी जेमतेम ३५ भरून परत आली. पुढे मात्र लाखो घरांत दर आठवड्याला ही कूपने भरली जाऊ लागली. बरोबरीत सुटणारे सामने ओळखणे हा त्यातला मोठ्या बक्षिसाचा भाग होता. १९६३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये इतके बर्फ पडले की, आठवडेच्या आठवडे सामनेच होईनात. कूपनांचा धंदा बसायची वेळ आली, तेव्हा टॉम फिनी, टॉमी लॉटन अशा नामवंत माजी खेळाडूंचे एक मंडळ बसवण्यात आले. न झालेल्या सामन्यांचे निकाल या मंडळाने बंद खोलीत बसून ठरवले आणि त्यावर बक्षिसे वाटली गेली. सामना झालाच नाही, तरी भाकीत खरे किंवा खोटे ठरले. नवरदेवाविना लग्न लावण्याची कल्पना वऱ्हाडातही कुणाला सुचली नसेल!

कबड्डी सोपी, फुटबॉल अवघड

फुटबॉलची भाकिते इतकी का चुकतात, हे समजून घ्यायला अमरावतीइतकी सोयीची जागा नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. त्या खेळांत कबड्डीही होती. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एखादी चढाई नशिबाने साधली, एखादी पकड निसटली, तरी पुढच्या चढायांत त्याची भरपाई होते. चाळीस मिनिटांत जो संघ खरोखर सरस आहे, तो बहुधा पुढे निघून जातो.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. एवढ्या थोड्या घटनांवर निकाल ठरत असल्यामुळे एखादी घसरलेली टाच, खांबाला लागून आत गेलेला चेंडू किंवा पंचाची एक शिट्टी सगळा हिशेब उलटा करू शकते. नाणे साठ वेळा उडवले, तर छाप आणि काटा साधारण सारखे पडतात. तीनदा उडवले, तर तिन्ही वेळा छाप पडल्याचे नवल वाटत नाही. फुटबॉल हे तीनदा उडवलेले नाणे आहे.

या थोड्या घटनांचे गणित फार पूर्वी तयार होते. फ्रेंच गणिती पॉयसाँ याने १८३७ मध्ये विरळ घटनांचे सूत्र मांडले. १८९८ मध्ये बोर्टकीविच या अभ्यासकाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून दरवर्षी किती सैनिक दगावतात, याच्या नोंदी त्या सूत्राला लावून पाहिल्या आणि त्या नेमक्या जुळल्या. पुढे १९८२ मध्ये माहेर या संशोधकाने आणि १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स या जोडीने त्याच धर्तीवर फुटबॉलच्या गोलांचे हिशेब मांडले. घोड्याच्या लाथेचे गणित शेवटी चेंडूला बसणाऱ्या लाथेलाच लागू पडले, हा योगायोग वऱ्हाडी माणसाला नक्की आवडेल.

या गणितातून एक गंमत निघते. समजा, यजमान संघ अशा सामन्यात सरासरी १.६ गोल करतो आणि पाहुणा संघ १.१. सूत्रात आकडे घातले की यजमान जिंकण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के, बरोबरीची २५ आणि पाहुण्यांच्या विजयाची २६ टक्के निघते. म्हणजे ‘यजमान जिंकतील’ असे म्हणणेच शहाणपणाचे. पण नेमका गोलफलक विचारला, तर सर्वाधिक शक्यता एक-एक या बरोबरीची येते, आणि तीही केवळ १२ टक्के. कारण विजय एक-शून्य, दोन-एक, दोन-शून्य अशा अनेक वाटांनी येतो आणि त्याची शक्यता त्या वाटांत विभागली जाते. याचा अर्थ असा की, सगळे आकडे बरोबर ठाऊक असलेला माणूससुद्धा नेमका गोलफलक आठातून एकदाच सांगू शकेल. दर शनिवारी दहापैकी एक-दोन अचूक गोलफलक सांगणारा सदरकार अडाणी नसतो. तो गणिताच्या मर्यादेवर उभा असतो.

आकड्यांमागची कारणेही कायम राहत नाहीत. यजमान संघाला घरच्या मैदानाचा फायदा होतो, हे फुटबॉलमधले सर्वात जुने सत्य. पण करोनाच्या काळात, २०२०-२१ च्या हंगामात, प्रीमियर लीगचे बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले आणि ३८० पैकी १५३ सामने पाहुण्यांनी, तर १४४ यजमानांनी जिंकले. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे बराचसा घरच्या माणसांचा आरडाओरडा होता, हे त्या वर्षी दिसले. मांडवात वऱ्हाडीच नसतील, तर नवरदेवाचा रुबाब कुठून येणार?

कधी कधी तर सगळीच गणिते कोलमडतात. २०१५-१६ च्या हंगामापूर्वी लेस्टर सिटी विजेता ठरेल, यावर एकाला पाच हजार असा भाव होता. लेस्टर विजेता ठरला. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सलग ३६ सामने न हरलेल्या अर्जेंटिनाला विश्वचषकात सौदी अरेबियाने २-१ असे हरवले आणि तोच अर्जेंटिना पुढे विश्वविजेता झाला. अर्थात, अमरावती आणि अकोल्याच्या लोकांना अशा धक्क्यांचे नवल वाटू नये. या दोन शहरांमधल्या रखडलेल्या महामार्गाबद्दल कुणी काही चांगले भाकीत करण्याचे धाडस करत नव्हते, तेव्हा २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर लोणी ते माना असे ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्या दिवशी टपरीवर अनेकांचे अंदाज चुकले आणि कुणालाही वाईट वाटले नाही.

आठ हातांचा भविष्यवेत्ता

भाकीत खरे ठरणे आणि भाकीत करणाऱ्याला काही कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातील पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामन्यांचे विजेते बरोबर निवडले. ध्वज लावलेल्या दोन डब्यांपैकी ज्यातला शिंपला तो आधी खाई, तो संघ विजयी, अशी रीत होती. केवळ नशिबावर हे घडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. लोकांनी थक्क व्हावे असाच हा आकडा. पण जगभरात पोपटापासून हत्तीपर्यंत शेकडो प्राण्यांना असे कामाला लावले, तर त्यातला एखादा आठही सामने ओळखणारच. बाकीच्यांची छायाचित्रे कुठे छापून येत नाहीत. याच पॉलने २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी चारच सामने ओळखले होते, हेही तेव्हा कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

हीच युक्ती माणसांनी वापरली की ती महागात पडते. समजा, एखाद्या ठकाने १,०२४ जणांना संदेश पाठवला. निम्म्यांना ‘अमुक संघ जिंकेल’, निम्म्यांना ‘हरेल’. ज्यांना बरोबर संदेश गेला, त्या ५१२ जणांना पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच. दहा आठवड्यांनी एक माणूस असा उरतो, ज्याला दहाही भाकिते खरी मिळालेली असतात. तो त्या ठकाला अंतर्ज्ञानी समजतो आणि अकराव्या भाकितासाठी पैसे मोजतो. वऱ्हाडाला या खेळाचा एक धागा जुनाच आहे. मुंबईचा मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर लागत असे. ज्या पिकाने अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, त्याच्याच भावावर भलत्याच माणसांनी संसार उधळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला आहे. पण भाकीत विकणारा माणूस कायद्याआधीही होता आणि नंतरही भेटेल.

शाबासकी कशाला द्यायची?

मग चांगले भाकीत ओळखायचे कसे? मे महिन्यात अकोल्यात ऊन तापेल, हे भाकीत शंभर टक्के खरे ठरते. त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. प्रीमियर लीगमध्ये डोळे मिटून दर वेळी ‘यजमान’ म्हणणारा माणूसही एरवी शंभरात चाळिसाहून अधिक वेळा बरोबर ठरतो. त्याच्यापेक्षा जो सातत्याने अधिक बरोबर, त्यालाच काही कळते असे म्हणायचे.

दुसरी कसोटी हवामानशास्त्रातून आलेली आहे. १९५० मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर याने भाकितांना गुण देण्याची पद्धत सुचवली. ‘पाऊस येईल’ असे नुसते न सांगता ‘७० टक्के शक्यता’ असे सांगायचे. पाऊस आला तर चुकीचा दंड ०.०९, नाही आला तर ०.४९. जो छातीठोकपणे ‘शंभर टक्के’ म्हणतो आणि चुकतो, त्याला पूर्ण एक दंड. वर्षभराचे दंड मिळवून सरासरी काढली की कोण किती पाण्यात आहे ते कळते. आज फुटबॉलची भाकिते तपासणारे हीच पद्धत वापरतात. ज्या दहा सामन्यांना सदरकाराने ७० टक्के म्हटले, त्यांतले सात खरे ठरले पाहिजेत. दहाही ठरले तर तो जास्तच घाबरट आहे, आणि चारच ठरले तर फुशारक्या मारणारा.

या कसोटीवर रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य बसत नाही. ‘प्रवासाचे योग, आप्तांशी मतभेद संभवतात’ हे बडनेऱ्याहून रोज अकोल्याला जाणाऱ्या कुणालाही लागू पडते. ते चुकूच शकत नाही, म्हणून ते काही सांगतही नाही. फुटबॉलचा सदरकार मात्र ‘दोन-एक’ म्हणतो आणि स्वतःची मान कात्रीत देतो.

शेतकऱ्याचा सामना

पोरांचे भाकीत चुकले तर फार तर चहाचे पैसे जातात. शेतकऱ्याचे चुकले तर बियाणे जाते. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. गोलाकार अठरा धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, वडा, भजे, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ भिजले, हे पाहून वाघ घराण्यातील मंडळी पीकपाण्याचे भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांपासून चालत आलेली ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानली जाते. ते भाकीत ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी पहाटे तिथे उभे असतात, त्याला कारण आहे. वर्षाचा सगळा डाव ज्याला जूनमध्ये एकदाच खेळायचा आहे, त्याला कुणाचा तरी शब्द हवा असतो. विज्ञानवादी कार्यकर्ते या परंपरेवर आक्षेप घेत आले आहेत. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक अडचण राहते. ‘पाऊस साधारण’ म्हणजे किती मिलिमीटर, हे ठरलेले नसेल, तर दिवाळीत हिशेब मांडणार कशाचा?

हिशेब मांडला की काय होते, याचे उदाहरण हवामान खात्याचेच आहे. २००२ मध्ये खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. पडला ८१ टक्के. जुलै तर कोरडाच गेला. खात्याची देशभर थट्टा झाली. पण आकडा जाहीर असल्यामुळे चूक लपवता आली नाही, आणि पुढच्याच वर्षी सोळा घटकांचे जुने सूत्र बाजूला ठेवून नवी सूत्रे आणावी लागली. २०२४ मध्ये खात्याने १०६ टक्के सांगितला आणि १०८ टक्के पडला. तोही उद्या चुकेल. मात्र तो किती चुकला, हे सांगता येईल.

अर्थात, देशाची सरासरी म्हणजे अकोल्याच्या शिवारातला पाऊस नव्हे. जशी लीगची सरासरी म्हणजे शनिवारचा सामना नव्हे. म्हणूनच कृषी शास्त्रज्ञ पेरणीसाठी भाकितावर विसंबू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरा, असे दरवर्षी सांगतात. ‘येत्या आठवड्यात पावसाची शक्यता ७० टक्के’ याचा अर्थ दहापैकी तीन वेळा बियाणे मातीत जळणार आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागणार. ज्याच्याकडे दुसऱ्या पेरणीचे पैसे आहेत, त्याने ७० टक्क्यांवर डाव खेळावा. ज्याच्याकडे नाहीत, त्याने ओलीची वाट पाहावी. भाकीत दोघांना सारखेच असले, तरी निर्णय सारखा नसतो.

फुटबॉलच्या थट्टेखोर सदराने शिकवण्यासारखे आहे ते एवढेच. भाकीत आकड्यात सांगावे, चारचौघांत सांगावे, निकाल लागल्यावर ते स्वतःच वाचून दाखवावे आणि चुकले तर हसून मान्य करावे. एखाद्या टपरीवाल्याने भिंतीला एक पाटी टांगली आणि तिच्यावर गुडघा, पंचांग, मोबाईल आणि हवामान खाते अशा चार रकाने आखून खडूने दर आठवड्याचा हिशेब ठेवला, तर हंगामाअखेर गावाला पुष्कळ काही कळेल. ज्याचा अंदाज चुकला, त्याने चहा पाजावा. गुडघेवाल्या काकांवर कदाचित उधारीची वही काढण्याची वेळ येईल. पण पुढच्या मृगात बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी लोक आधी त्या पाटीकडे पाहतील.